मळ्याची वही आणि कुलगुरूंची खुर्ची

जमैकाच्या किंग्स्टन शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी वेस्ट इंडिज विद्यापीठाचा मोना परिसर आहे. तिथे एक देखणं दगडी चॅपल आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर, अगदी छताखाली, एक नाव आणि एक साल कोरलेलं दिसतं : एडवर्ड मोरंट गेल, १७९९. हा गेल ट्रिलॉनी परगण्यातला मळेवाला. ही इमारत मुळात त्याच्या उसाच्या मळ्यावर, साखर आणि रमच्या कामासाठी उभी होती. विद्यापीठाने ती दगड न् दगड सोडवून इथे आणली आणि पुन्हा बांधली. गेलचं नाव दगडाबरोबर आलं. ज्यांनी दगड वाहिले, ऊस तोडला, चरकात घातला, रात्ररात्र जागून रस आटवला, त्यांची नावं भिंतीवर नाहीत. ती शोधायची तर मळ्याच्या वह्या उघडाव्या लागतात.

ज्यांनी उभं आयुष्य अशा वह्या वाचण्यात घालवलं, तेच सर हिलरी बेकल्स २०१५ साली या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इतिहासाचा प्राध्यापक कुलगुरू होणं आपल्यालाही नवीन नाही. पण इथे माणूस, विषय आणि जागा यांचा असा मेळ बसला आहे की तो नीट उलगडून सांगावासा वाटतो. आफ्रिकन डायस्पोराचा इतिहास म्हणजे काय, तो कशावरून लिहितात, आणि तो लिहिणाऱ्याच्या हाती विद्यापीठाचा कारभार आला की नेमकं काय बदलतं, हे एकेक करून पाहू.

आधी शब्द. डायस्पोरा हा मूळ ग्रीक शब्द. मुठीतून बी फेकावं तसं विखुरणं. मराठीत आपण ‘परदेशस्थ’ किंवा ‘अनिवासी’ म्हणतो, पण त्या शब्दांत स्वखुशीने गेल्याचा वास आहे. इथे तो नाही. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत अटलांटिक महासागरावरून जी जहाजं गेली, त्यांच्या नोंदी इतिहासकारांनी वर्षानुवर्षं खपून एकत्र केल्या आहेत. त्यांवरून काढलेला अंदाज असा : आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत कोंबली गेली आणि पलीकडे सुमारे १ कोटी ७ लाख उतरली. मधली १८ लाख माणसं समुद्रातच गेली. जी उतरली त्यांची भाषा, गाणी, देव, शेतीचं ज्ञान, स्वयंपाक, बंडं, मुलंबाळं या सगळ्याचा मिळून जो इतिहास, तो आफ्रिकन डायस्पोराचा इतिहास.

तो फक्त अटलांटिकचा आहे असं मात्र समजू नका. त्याचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला मुलगा. गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये पोचला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार त्याने वर्षानुवर्षं एकहाती पेलला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याचे सिद्दी तर प्रत्येक मराठी मुलाला शाळेतच भेटतात. पण शाळेत ते शत्रू म्हणून भेटतात आणि तिथेच थांबतात. ते मुळात इथे आले कसे, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

दुसरी गोष्ट नाशिकची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडू लागलं. सुटका झालेल्या माणसांना मुंबईला उतरवत. त्यांतली बरीच मुलं नाशिकजवळ मिशनऱ्यांच्या शरणपूरला ठेवली जात. तिथे त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. त्यांच्यापैकी एक जेकब वेनराइट. हा स्कॉटिश मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शोधमोहिमेत आफ्रिकेला परत गेला. १८७३ साली आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं काळीज जिथे पुरलं, तिथल्या झाडावर नाव आणि तारीख कोरली ती वेनराइटने. मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्ययात्रेतही. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो माणसं जातात. हे नाव असं समुद्रापार पोचलेलं आहे हे मला कळलं, तेव्हा त्या रस्त्याकडे मी पुन्हा नव्याने पाहिलं.

आता हा इतिहास लिहायचा कशावरून? मोठी अडचण अशी की कागद मालकांनी लिहिलेले आहेत. ज्यांच्यावर गुलामी लादली त्यांना लिहू दिलं जात नव्हतं. म्हणून इतिहासकाराला मालकाचाच कागद घेऊन तो उलटा वाचावा लागतो.

बार्बाडोस बेटाची १८१७ सालची गुलामनोंदणी घ्या. इंग्लंडने १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला, गुलामी मात्र चालूच ठेवली. चोरून नवी माणसं आणली जाऊ नयेत म्हणून दर तीन वर्षांनी प्रत्येक मालकाने शपथेवर यादी द्यायची असा नियम आला. यादीत रकाने : नाव, लिंग, वय, रंग, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, आणि काम. नाव बहुधा एकेरी, आडनाव नाही. काही महिन्यांच्या बाळाचीही ओळ असते. म्हाताऱ्या माणसाच्या कामाच्या रकान्यात काहीच नसतं. मालकाच्या लेखी ही जिंदगीची यादी, घोडे आणि कढया मोजाव्या तशी.

इतिहासकार हीच यादी तीन वर्षांनंतरच्या यादीशेजारी ठेवतो. एक नाव दिसेनासं झालं. मेलं, विकलं, की सुटलं? एका बाईखाली नवी लहान नावं आली. मग पुढच्या यादीत त्यातलं एकच उरलं. अशा शेकडो ओळी जुळवत गेलं की मळ्यावरचा मृत्यू, उपासमार, ताटातूट हे सगळं आकड्यांतून वर येतं. मालकाला वाटलं होतं आपण जमाखर्च लिहितोय. प्रत्यक्षात तो साक्ष लिहून ठेवत होता.

बेकल्स यांचं सुरुवातीचं काम याच जातीचं. त्यांचा जन्म १९५५ साली बार्बाडोसचा. कुटुंब इंग्लंडला गेलं, शिक्षण तिकडे, डॉक्टरेट हल विद्यापीठाची. हल म्हणजे गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्सचं जन्मगाव. १९७९ साली ते मोनाला शिकवायला आले, नंतर बार्बाडोसला केव्ह हिल परिसरात. त्यांच्या अभ्यासातला मला सर्वांत भावणारा भाग बायकांचा आहे. बार्बाडोसच्या मळ्यांवर शेतात राबणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती, आणि त्यांतल्या काही जणी रविवारी ब्रिजटाउनच्या बाजारात डोक्यावर टोपली घेऊन कंद, कोंबड्या, फळं विकायला बसत. कायदा आडवा येई, शिपाई हुसकावत, तरी त्या पुढच्या रविवारी हजर. बेकल्स म्हणतात, हीसुद्धा लढाई होती. पेटवलेला ऊस आणि उपसलेला कोयता यांनाच बंड म्हणायचं ठरवलं, तर टोपलीतलं बंड नजरेतून सुटतं.

हे सगळं पुस्तकांत राहिलं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पण या प्रदेशात इतिहास आणि विद्यापीठ एकमेकांपासून सुटे काढताच येत नाहीत.

दोन सालं शेजारी ठेवून पाहा. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. इंग्रजांनी बार्बाडोसमध्ये वस्ती केली १६२७ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी. साखरेने लंडन, ब्रिस्टल, ग्लासगो गबर झाली. तरीही इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांना स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९४८ उजाडलं. मध्ये तीनशे एकवीस वर्षं. जेही मिळालं ते सहजी नाही : १९३० च्या दशकात बेटांवर मजुरांचे संप आणि दंगे झाले, चौकशी आयोग बसले, आणि त्यातून शिक्षणाचा प्रश्न वर आला. सुरुवात ३३ विद्यार्थ्यांनी झाली, सगळे वैद्यकीचे. जागा मिळाली ती जुन्या उसाच्या मळ्यांची. मळ्याला पाणी नेणाऱ्या दगडी पाटाचे अवशेष आजही परिसरातून जाताना दिसतात.

इथल्या इतिहास विभागाने मग स्वतःचा इतिहास स्वतः लिहायला घेतला. एल्सा गोव्हेया ही गयानाची बाई १९६१ साली वेस्ट इंडिजच्या इतिहासाची प्राध्यापक झाली. या विद्यापीठातली ती पहिली महिला प्राध्यापक. तिने मळ्यावरचा समाज मालक, गुलाम केलेली माणसं, कायदे असा सबंध उलगडून दाखवला. वॉल्टर रॉडनी याच मोनाचे विद्यार्थी, पुढे इथेच अध्यापक. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापाराने काय केलं हा त्यांचा विषय. ते वर्गाबाहेर पडून किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत जाऊन बसायचे, आफ्रिकेचा इतिहास सांगायचे. १५ ऑक्टोबर १९६८ ला कॅनडातली परिषद आटोपून ते परतले तर जमैका सरकारने त्यांना विमानातून उतरूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, शहर पेटलं, माणसं मेली. १९८० साली गयानात बॉम्बस्फोटात रॉडनींची हत्या झाली. वय अवघं ३८.

रॉडनींना ज्या विद्यापीठात परतू दिलं नाही, त्याच विद्यापीठात त्याच परंपरेतला इतिहासकार पुढे कुलगुरू झाला. हे अंतर मला फार मोठं वाटतं. शहाणपण एका माणसात एकाएकी उगवलं असं झालेलं नाही. गोव्हेयांसारख्यांनी विभाग उभा केला, रॉडनींसारख्यांनी किंमत मोजली, आणि त्यावर हे उभं आहे.

कुलगुरूचं काम तिथे नेमकं काय? आपल्याकडे एका राज्यात अनेक विद्यापीठं. तिथे अनेक देशांना मिळून एक विद्यापीठ. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, अँटिग्वा इथे मोठे परिसर, बाकीच्या बेटांसाठी दूरशिक्षण. पैसा येतो तो मुख्यतः या सगळ्या सरकारांकडून. छोटी बेटं, पर्यटनावर चालणारी. एखादं वादळ आलं की तिजोरी रिकामी, आणि विद्यापीठाचा हप्ता थकतो. थकबाकी मागत फिरणं हा कुलगुरूच्या दिनक्रमाचाच भाग आहे. २०२० साली कुलपतींनी नेमलेल्या समितीने कारभारावर आणि पैशाच्या घडीवर कडक बोट ठेवलं होतं. बेकल्स यांच्यावर टीका होते ती इथे : जगभर भाषणं देता, घरातल्या हिशेबाचं काय? प्रश्न रास्त आहे.

पण हिशेब कुठून सुरू करायचा, हाच तर इतिहासकाराचा मुद्दा.

गुलामी संपवणारा कायदा इंग्लंडने १८३३ साली केला. अंमल १ ऑगस्ट १८३४ पासून. सुमारे आठ लाख माणसं मुक्त व्हायची होती. सरकारने भरपाई मंजूर केली : २ कोटी पौंड, म्हणजे त्या काळच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. ती मिळाली मालकांना. ‘मालमत्ता’ गेली म्हणून. राबलेल्या माणसांना काही मिळालं नाही. उलट पुढची काही वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे फुकट राबायला लावलं. ती प्रथा १८३८ ला सुटली. भरपाईसाठी काढलेलं कर्ज इंग्लंडच्या तिजोरीने पूर्ण फेडलं ते २०१५ साली. म्हणजे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या कॅरिबियन माणसांच्या करातूनही त्यांच्या पूर्वजांच्या मालकांचं कर्ज फिटत होतं. हे वाक्य मी लिहिताना थांबलो होतो. तुम्हीही थांबा.

याच भरपाईचा एक पदर मराठी माणसाशी येऊन भिडतो. मॉरिशसमधल्या मळेवाल्यांना त्या २ कोटींतले २० लाख पौंडांहून जास्त मिळाले. ऊस तर तोडायला हवाच होता. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणं सुरू झालं. बिहारी, तमिळ, तेलुगू आणि कोकणातलेही. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज गणपती बसवतो, त्याचे पूर्वज गुलामी सुटल्यावर रिकाम्या झालेल्या त्याच उसाच्या फडांत उतरले होते. करारी मजुरी आणि गुलामी एक नव्हे. मजुराचं मूल मालकाच्या मालकीचं होत नसे. पण फड तोच आणि साखरही तीच.

तर बेकल्स यांची मांडणी अशी : कॅरिबियन देश स्वतंत्र झाले तेव्हा त्यांच्या हाती काय होतं? शाळा अपुऱ्या, दवाखाने अपुरे, जमीन थोड्यांच्या हातात. घरोघर मधुमेह आणि रक्तदाब. शतकानुशतकांचा खारवलेला मासा, साखर आणि हालअपेष्टा यांचा तो वारसा आहे असं ते म्हणतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने कार्यकारण इतकं सरळ आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण रोगाचा भार खरा आहे आणि त्यासाठी लागणारे डॉक्टर याच विद्यापीठातून तयार होतात. २०१३ साली कॅरिबियन देशांच्या संघटनेने भरपाई आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष बेकल्स. २०१४ साली आयोगाने दहा कलमी मागणी मांडली : औपचारिक माफी, आरोग्य, साक्षरता, तंत्रज्ञान, कर्जमाफी वगैरे. यादी वाचली की लक्षात येतं, प्रत्येकाच्या हातात नोटा द्या असं त्यात नाही. शाळा, इस्पितळं, संशोधन. म्हणजे विद्यापीठाचंच काम.

क्रिकेटवरही थोडं बोलायलाच हवं, नाहीतर हा माणूस अर्धाच कळेल. बेकल्स क्रिकेटचे इतिहासकार आहेत. केव्ह हिलला त्यांनी क्रिकेट संशोधनाचं केंद्र उभारलं, क्रिकेट हा अभ्यासक्रमाचा विषय केला. २००२ ते २०१५ ते त्या परिसराचे प्रमुख होते. तिथल्या मैदानाला वॉरेल, वीक्स, वॉलकॉट या तिघांवरून नाव दिलं आहे आणि तिघेही मैदानालगत चिरविश्रांती घेत आहेत. फ्रँक वॉरेल हा वेस्ट इंडिजचं नेतृत्व पूर्ण मालिकेसाठी मिळालेला पहिला कृष्णवर्णीय कप्तान, १९६० साली. त्याआधी कप्तानी गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारखी होती. १९६२ साली बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू भारताचा कप्तान नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला लागला तेव्हा रक्त द्यायला पुढे आला तो हाच वॉरेल. तो या विद्यापीठाच्या नोकरीत होता, वसतिगृहाचा प्रमुख. अनेक देश मिळून एकच गोष्ट चालवतात अशा तिथे मोजक्याच. त्यांतल्या दोन म्हणजे क्रिकेटचा संघ आणि विद्यापीठ.

आता ग्लासगो. स्कॉटलंडमधलं हे विद्यापीठ गुलामगिरीच्या विरोधात होतं, असं ते अभिमानाने सांगत आलं. त्यात तथ्य आहे : १७९१ साली त्याने विल्बरफोर्सला मानद पदवी दिली, १८३७ साली जेम्स मॅक्यून स्मिथ हा, जन्माने गुलाम असलेला न्यूयॉर्कचा तरुण, इथून डॉक्टर झाला, कारण अमेरिकेत त्याला कोणी प्रवेश देईना. पण देणग्या कुठून आल्या? विद्यापीठाने स्वतःच्याच वह्या इतिहासकारांना उघडून दिल्या. २०१८ साली अहवाल आला. गुलामीशी जोडलेल्या पैशातून झालेला लाभ आजच्या किमतीत १ कोटी ६७ लाख ते १९ कोटी ८० लाख पौंडांच्या दरम्यान कुठेतरी. दोन आकड्यांतलं अंतर प्रचंड आहे, कारण दोनशे वर्षांपूर्वीचा पौंड आज किती, हे कसं मोजता त्यावर उत्तर बदलतं. अहवाल लिहिणाऱ्यांनी हे अंतर लपवलं नाही, यासाठी त्यांचं कौतुक करायला हवं.

मग ३१ जुलै २०१९ ला, मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, किंग्स्टनमध्ये दोन विद्यापीठांचा करार झाला. ग्लासगोने २० वर्षांत २ कोटी पौंड उभे करायचे आणि दोघांनी मिळून विकास संशोधनाचं केंद्र चालवायचं. २ कोटी हा आकडा १८३३ च्या मालकांच्या भरपाईचाच आहे.

इथे वाचकाने डोळे उघडे ठेवावेत. १८३३ चे २ कोटी आणि २०१९ चे २ कोटी यांची किंमत मुळीच एक नाही. आजचे फार थोडे. पैसे रोख हातात येत नाहीत, संशोधनाचे निधी आणि देणग्या यांतून उभे राहतात, आणि खर्च दोन्हीकडे होतो. तेव्हा ‘ग्लासगोने फेडलं’ असं म्हणणं खोटं ठरेल. माझ्या लेखी त्यातली मोलाची बाब वेगळी आहे. एका विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठासमोर बसून मान्य केलं की माझ्या इमारतींत तुझ्या लोकांची मजुरी आहे, आणि समोर बसलेल्याला ती ओळ कुठल्या वहीत आहे हे तोंडपाठ होतं. साधा प्रशासक समोर असता तर बोलणं देणगीचं झालं असतं. इतिहासकार होता म्हणून ते देण्याचं झालं.

दोन्ही विद्यापीठांनी मिळून भरपाईच्या न्यायावर पदव्युत्तर अभ्यासक्रमही काढला आहे. ज्या ग्लासगोत साखरेची जहाजं रिकामी होत आणि ज्या मोनात ऊस तुटत होता, त्या दोन ठिकाणचे विद्यार्थी आता एकाच वर्गात आहेत. २० वर्षांची मुदत २०३९ ला भरेल.